पत्र गेलं, पोचलं का?



गेल्या महिन्यात एका बाईचा केंद्रावर फोन आला. घरातल्या मारहाणीविरुद्ध २००५च्या कायद्याखाली तक्रार कशी करायची, ते ईमेलने कळवा म्हणाली. आम्ही त्याच दिवशी लिहिलं. पत्र तिच्या ‘स्पॅम’च्या कप्प्यात जाऊन पडलं. आठ दिवसांनी तिनेच पुन्हा फोन केला, “तुम्हीही गप्प बसलात असं वाटलं.”

ईमेलचा सर्व्हर आपण स्वतः चालवतो. बायकांनी विश्वासाने लिहिलेली पत्रं कुठल्या कंपनीच्या ताब्यात नकोत, हा त्यामागचा विचार आजही पटतो. आणि हे काम बायकांना जमतं. १९९५ साली बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेच्या वेळी ईमेल केंद्र चालवलं ते एपीसी या संस्थेच्या बायकांच्या गटानेच. पण आता पत्र पाठवणं आपल्या हाती असलं, तरी ते आत घ्यायचं की नाही हे पलीकडची कंपनी ठरवते.

शोध घेतला. भाड्याच्या सर्व्हरचा आयपी क्रमांक पूर्वी कुणीतरी जाहिरातींचा कचरा पाठवायला वापरला होता. ती बदनामी आपल्या वाट्याला आली. आपल्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात हे सांगणारी एसपीएफची नोंद होती. पत्र खरं असल्याची खूण पटवणारी डीकेआयएमची सही नव्हती. तपासणीत नापास झालेल्या पत्राचं काय करावं हे सांगणारी डीमार्कची नोंदही नव्हती. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू मोठ्या संख्येने पत्रं पाठवणाऱ्यांकडे या तिन्ही गोष्टी मागतात. छोट्या गटांनीही त्या केलेल्या बऱ्या.

पण खरी चूक आपली. सर्व्हर एकटी कार्यकर्ती सांभाळत होती आणि आपण म्हणत होतो, “तुला येतं, तूच बघ.” स्वयंपाकघरात हेच वाक्य ऐकून आपण चिडतो!

आता तिघीजणी हे काम शिकताहेत. दरमहा वेगवेगळ्या पत्त्यांवर चाचणीचं पत्र जाईल. तातडीचं पत्र पाठवलं, की त्या बाईने सांगितलेल्या सुरक्षित वेळी फोनही होईल. आणि एक लक्षात ठेवू या: सर्व्हर आपला असला तरी पोचलेल्या पत्राची प्रत तिच्या ईमेल कंपनीकडे राहतेच.

ज्यांना सर्व्हर झेपणार नाही, त्यांनी निदान डोमेन संस्थेच्या नावावर घ्यावं आणि पत्त्यांची यादी स्वतःजवळ ठेवावी. म्हणजे कंपनी बदलली तरी पत्ता बदलत नाही.

तुमच्या गटात हे काम कोण करतं? एकटीच का? जरूर कळवा.

– संपादक मंडळ