मेरुदंड नव्हे, पृष्ठवंश

संगीताच्या वर्गात ‘मेरुदंड ताठ ठेवा’ ही आज्ञा इतकी रुळली आहे, की तिच्यातील शब्दाकडे कोणी पाहतच नाही. मला तो शब्द शिकवण्याच्या कामी अडचणीचा वाटतो. आणि ही तक्रार निव्वळ भाषाशुद्धीची नाही.

दंड म्हणजे काठी. मुले शब्द ऐकतात आणि काठी होऊन बसतात. छाती पुढे, खांदे वर, मान आवळलेली. मग षड्जाला श्वास पुरणार कसा? शरीरशास्त्र सांगते की कणा मुळी सरळ नसतोच. बाजूने पाहिले तर त्याला चार बाक दिसतात. मानेशी व कमरेशी पुढे, छातीमागे व तळाशी मागे. जन्मतः साधारण ३३ मणके असतात. तळाचे जुळत जाऊन प्रौढपणी २६ हाडे उरतात.

आपल्या घरगुती मराठीला याची जाण आहे. मणका म्हणजे मणीच, आणि ओवलेली माळ वळते. मात्र मणका एक आणि कणा सबंध, एवढा भेद बोलताना राखावा.

ग्रंथातलाच शब्द हवा असेल, तर ‘पृष्ठवंश’ घ्यावा. वंश म्हणजे वेळू. जुन्या संगीतग्रंथांत बासरीचेही नाव वंशच. वेळू उभा असतो, पेरापेरांचा असतो आणि वाऱ्यात लवतो. तो आतून पोकळ, तशी कण्यातही मज्जारज्जूची वाट असते. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ रचणाऱ्या शार्ङ्गदेवाने स्वरांच्या आधी देहाचे वर्णन केले, ते काही उगीच नव्हे.

कोणी म्हणतील, योगशास्त्रात मेरुदंड मानाचा शब्द आहे. तो तिथे खुशाल असावा. ताठ बसण्याचे महत्त्व मी दरबारी गवयाचा मुलगा म्हणून लहानपणापासून ऐकत आलो. पण ती दरबारची अदब. गळ्याची गरज निराळी.

सयाजीराव महाराजांनी आठ भाषांतील राज्यकारभाराच्या शब्दांचा ‘शासन शब्दकल्पतरु’ करवून घेतला, तो १९३१ साली निघाला. त्या बडोद्यात शब्दाची पारख कोणाला परकी वाटू नये. शिक्षकबंधूंना माझी विनंती एवढीच, की मुलांना ‘ताठ बस’ म्हणण्याऐवजी ‘पाठ उभी असू दे, खांदे सैल सोड’ असे सांगून पाहावे. पहिल्या आठवड्यातच मंद्रातला षड्ज कसा लागतो, ते त्यांनी स्वतःच ऐकावे.