समोरच्याचे डोळे

परवा लेकीचा फोन आला. ती आणि जावईबापू इंग्लंडमध्ये रेडिंगला असतात. सुट्टीत स्वतःची गाडी घेऊन फ्रान्सला जायचं ठरलंय. म्हणाली, "बाबा, तुम्ही आयुष्यभर हेडलाइट बनवलेत, मग मला सांगा, काचेवर हे स्टिकर कशाला लावायचे?"

चाकणच्या कारखान्यात हेडलॅम्प लाइनवर क्वालिटीला होतो मी. असा प्रश्न आला की रिटायर माणूस फुलतो!

तर गंमत अशी. लो बीमचा प्रकाश दोन्ही बाजूंना सारखा नसतो. आपण डावीकडून चालतो, म्हणून डाव्या कडेला तो थोडा वर चढतो. कडेचा माणूस, सायकल, पाटी दिसावी म्हणून. उजवीकडे मात्र तो खाली कापलेला, कारण तिकडून समोरची गाडी येते. इंग्लंडचंही तसंच. २००३ साली पिंपरीची इंडिका 'सिटीरोव्हर' नावाने तिकडे विकायला गेली. रस्त्याची बाजू दोन्हीकडे एकच. चाकणहून मेक्सिकोला गेलेल्या व्हेंटोचं तसं नाही. तिथे सगळं उजवीकडून, म्हणजे स्टिअरिंगही उलटं आणि दिवेही उलटे.

फ्रान्सही उजवीकडून चालतो. लेकीच्या गाडीचा तो वर चढलेला प्रकाश तिथे थेट समोरच्याच्या डोळ्यांत जाणार. म्हणून तेवढा भाग स्टिकरने झाकायचा. काही नव्या गाड्यांत हे सेटिंगमधूनच बदलता येतं, म्हणून तिला आधी मॅन्युअल बघायला सांगितलं. परत आल्यावर स्टिकर काढायलाही सांगितलं.

बाकीची यादी तिनेच वाचून दाखवली. मागे 'यूके' अक्षरं हवीत, सप्टेंबर २०२१ पासून जुनं 'जीबी' चालत नाही. नोंदणीची मूळ कागदपत्रं, लायसन्स, विमा. एक लाल त्रिकोण. आणि चमकणारं जॅकेट, तेही डिकीत नाही, हाताशी. गाडी बंद पडली तर ते घालूनच खाली उतरायचं.

मी म्हटलं, "किती विचार केलाय गं!" तर म्हणते, "विचार कसला बाबा, दंड आहे म्हणून."

हे वाक्य काही डोक्यातून जाईना. तिचं चुकलं असं नाही. पण दंड बाजूला ठेवून ती यादी पुन्हा वाचा. कागद सोडले तर जवळपास प्रत्येक वस्तू दुसऱ्या कुणाला तरी दिसावं म्हणून आहे, किंवा त्याला दिसेनासं होऊ नये म्हणून.

आणि आपल्याकडे? आमच्या लाइनवरचा एक पोरगा सेकंड शिफ्ट सुटल्यावर मोटरसायकलवर तळेगावला निघाला होता. समोरून अप्पर मारत गाडी आली, पुढचं काही दिसेना, आणि कडेला बंद पडलेल्या ट्रेलरवर हा जाऊन आदळला. ट्रेलरला ना दिवा ना त्रिकोण, मागे नुसते चार दगड. वाचला, पण पाय गेला. दिवसभर तो हेडलॅम्पच तपासत होता हो!

आपल्या दिव्यांत काही कमी नाही. २५ मीटरवरच्या पडद्यावर प्रकाश कुठे पडावा आणि कुठे पडू नये, हे आपण मापून पाठवतो. नव्या गाडीबरोबर त्रिकोणही मिळतो. तो डिकीत प्लॅस्टिकसकट पडून असतो. कमी पडतं ते डिपरचं बटण दाबणारं बोट.

रस्त्यावर अंधार आहे, खड्डे आहेत, अप्परशिवाय दिसत नाही, हे मला मान्य. मीही लावतो. पण समोर दिवा दिसला की डिप करायला किती वेळ लागतो? "तो करत नाही, मग मी का करू?" हे मीही म्हटलंय, खोटं कशाला बोलू. त्या पोराला भेटून आल्यापासून नाही म्हणत.

दंडाने का होईना, सवय लागत असेल तर लागू दे. पण दंडाची वाट कशाला बघायची? आज गाडी काढाल तेव्हा तो त्रिकोण प्लॅस्टिकमधून बाहेर काढून ठेवा. आणि रात्री समोरून कुणी आलं, तर आधी तुम्ही डिप करा.

लेक पुढच्या आठवड्यात निघतेय. फोटो आले की टाकीनच.