सुचत नाही? आधी पाहा तरी!



तुमच्या पत्रांच्या गठ्ठ्यात यावेळी सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र सापडलं. ती लिहिते, ‘‘ताई, बाईंनी ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयावर निबंध लिहून आणायला सांगितला होता. मी अर्धा तास पेन चावत बसले, पण काहीच सुचेना. शेवटी गाईडमधला उतरवला. दुसऱ्या दिवशी वर्गात वाचायला उभी राहिले, तर माझ्याआधी तिघांनी तोच वाचलेला! सगळ्यांच्या पावसात तेच इंद्रधनुष्य आणि तोच थुईथुई नाचणारा मोर. आमच्या गल्लीत तर मोर नाहीच. मला कविता करायला आवडेल, पण माझ्या डोक्यात काही येतच नाही. काय करू?’’

पत्र वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. वाईट अशासाठी, की निबंधात कुठला तरी मोर आला, पण हिच्या गल्लीतला पाऊस मात्र राहून गेला. तो पाऊस लिहू शकणारी मुलगी त्या वर्गात एकच होती. तिनं नाही लिहिला, तर तो कोण लिहिणार?

‘सुचत नाही’ ही तक्रार तुमच्यापैकी खूपजणांची असते. आपल्याला वाटतं, काहीजणांना वरून देणगीच मिळालेली असते. ते बसले की सुचतं, आपण बसलो की झोप येते! पण मुलांनो, विहिरीत पाणी असेल तर पोहऱ्यात येणार ना? डोळ्यांनी काही टिपलंच नसेल, तर कागदावर यायचं तरी कुठून?

आता बघा, बहिणाबाई चौधरींचं नाव तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. जळगावजवळच्या असोदे गावी १८८० साली त्यांचा जन्म झाला. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घर, शेत, जातं, चूल, गुरंढोरं आणि कष्ट, हेच त्यांचं जग. तरुणपणीच वैधव्य आलं. प्रेरणा मिळावी म्हणून त्या कुठल्या थंड हवेच्या ठिकाणी गेल्या नाहीत! दळताना, शेतात राबताना जे समोर दिसे, त्यावर त्या गाणी रचत आणि गुणगुणत. घरच्यांनी त्यातली काही लिहून ठेवली, म्हणून ती वाचली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं. ते छापून यावं यासाठी आचार्य अत्रे यांनी पुढाकार घेतला. आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. कधी शाळेत न गेलेल्या बाईचं नाव विद्यापीठाला!

त्यांचं सुगरणीच्या खोप्यावरचं गाणं तुमच्या आई-बाबांनाही पाठ असेल. असा खोपा त्या परिसरात शेकडो लोकांनी पाहिला असेल. मग बहिणाबाईंनी वेगळं काय केलं? त्या थांबल्या. एवढीशी चोच आणि तिच्यातून ही एवढी कारागिरी, याचं त्यांना नवल वाटलं. बस्स! गाण्याची सुरुवात त्या नवलातून झाली.

तुम्हीही पावसाळ्यात विहिरीवर झुकलेल्या बाभळीकडे किंवा शिंदीच्या झाडाकडे बघा. गवताच्या पात्याची लांब चिंधी काढायची आणि चोचीनं गाठी मारत विणायची. आपण त्या पक्ष्याला ‘सुगरण’ म्हणतो खरं, पण हे विणकाम करतो नर, बरं का! खोपा अर्धा झाला की मादी येऊन तपासते. पसंत पडला तर पुढे काम, नाहीतर बिचाऱ्याची मेहनत फुकट! आता सांगा, यात एका गोष्टीचा, चित्राचा किंवा चक्क विनोदी नाटुकल्याचा मसाला आहे की नाही?

कुणी म्हणेल, ‘‘हे कवी लोकांचं झालं. मला तर विज्ञान आवडतं.’’ मग सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचं ऐका. १९२१ साली ते इंग्लंडहून बोटीनं भारतात परत येत होते. वाटेत भूमध्य समुद्र लागला. गर्द निळा! बोटीवरच्या सगळ्यांनीच तो पाहिला असणार. ‘‘वा, किती सुंदर!’’ असंही अनेकजण म्हणाले असतील. रामन यांना तो सुंदर वाटलाच, पण त्यांच्या मनात आलं, हा निळा का? समुद्रात आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून तो निळा दिसतो, असं तेव्हा मोठमोठे शास्त्रज्ञही मानत. रामन यांच्याजवळ एक छोटं प्रिझम होतं. पाण्यावरून परावर्तित होणारी चकाकी त्यातून टाळता येई. त्यातून पाहिलं, तरी पाणी निळंच! म्हणजे नुसत्या प्रतिबिंबाचा हा खेळ नव्हता. पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात, असं त्यांनी मांडलं. (पाणी तांबडा रंग शोषून घेतं, हेही निळाईचं कारण आहे, हे आज आपल्याला माहीत आहे.) पण त्यांचा ‘का’ तिथं थांबला नाही. प्रकाश कसा विखुरतो यावर ते आणि त्यांचे विद्यार्थी कोलकात्याला काम करत राहिले आणि २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ‘रामन परिणाम’ हाती लागला. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. तो दिवस आपण आता राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो.

बघा हं, एकीनं खोपा पाहिला, एकानं समुद्र. एकीचं गाणं झालं, एकाचा शोध. पण पहिली पायरी दोघांचीही तीच. समोरची गोष्ट सुंदर वाटली आणि ते चटकन पुढे गेले नाहीत.

आणि चित्र काढायला महागडे रंग हवेत, असंही समजू नका. डहाणूकडच्या वारली घरांच्या भिंती आठवा. गेरूनं सारवलेली भिंत आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की झाला माणूस! जिव्या सोमा मशे याच भागातले. लग्नाच्या वेळी बायका भिंतीवर जी चित्रं काढत, तीच कला त्यांनी रोजची केली आणि कागदावर, कापडावर उतरवली. विषय कुठले? भाताची लावणी, मासे धरायचं जाळं, मुंग्या! त्यांची चित्रं परदेशात पोहोचली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुंगी तर आपल्याही घरी असते. आपण तिला फुंकर मारून उडवतो, एवढाच काय तो फरक!

‘‘पण ताई, आम्ही राहतो चाळीत, फ्लॅटमध्ये. इथं कुठला निसर्ग?’’ अरे, आहे की! आज भाजी चिरताना आईकडून भेंडीचा देठाकडचा तुकडा मागून घ्या. त्यात बहुतेक वेळा पाच कोन दिसतील. रंगात बुडवून कागदावर टेकवा, फूल तयार! भर दुपारी पत्र्याच्या भोकातून किंवा झाडाच्या पानांतून जमिनीवर पडलेले कवडसे बघा. भोक वेडंवाकडं असलं तरी कवडसा गोल कसा? कारण तो भोकाचा आकार नसतो, ती असते सूर्याची प्रतिमा! खंडग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. तुमच्या अंगणात रोज शेकडो सूर्य पडलेले असतात आणि आपण ते तुडवत शाळेत जातो.

तर या आठवड्याचा उद्योग असा. एक जुनी, पाठकोरी वही घ्या. रोज एकच गोष्ट निवडा आणि पाच मिनिटं फक्त तिच्याकडे बघा. घड्याळ लावून. मोबाईलवर फोटो काढून मोकळं व्हायचं नाही, कारण मग पाहायचं काम फोन करतो आणि आपण सुटतो! पाच मिनिटांनंतर तीन ओळी लिहा. काय दिसलं? कशासारखं वाटलं? कुठला ‘का’ पडला? ‘सुंदर’, ‘मनमोहक’, ‘नयनरम्य’ हे शब्द वहीत बंद! ‘पाऊस सुंदर होता’ यापेक्षा ‘पन्हाळीचं पाणी बादलीत पडताना आधी ठणठण वाजलं आणि बादली भरत गेली तसा आवाज जाड होत गेला’ हे वाक्य कितीतरी आपलं आहे. ते कुठल्याच गाईडात सापडणार नाही. पहिले दोन दिवस कंटाळा येईल. येऊ द्या. डोळ्यांनाही सवय लागावी लागते.

आणि आई-बाबांनो, जाता जाता तुम्हांलाही एक विनंती. मूल खिडकीत नुसतं बघत उभं दिसलं, तर ‘‘रिकामा काय बसलायस? अभ्यास कर,’’ असं लगेच म्हणू नका. पाच मिनिटं थांबा. जमलं तर शेजारी जाऊन उभे राहा आणि विचारा, ‘‘काय दिसतंय रे?’’ तुम्हालाही कदाचित बऱ्याच वर्षांनी एखादा कवडसा दिसेल.

वहीतली सगळ्यात आवडती नोंद मला जरूर पाठवा. शुद्धलेखन चुकलं तरी चालेल, पण ती तुम्ही स्वतः पाहिलेली हवी!

तुमची,
ताई