अश्लील कोण ठरवणार?

मंडळी, चित्र अश्लील आहे की नाही हे कोणी ठरवायचं? आपल्याकडे कस्टमवाले ठरवतात!

२०२३ साली परदेशातून मुंबईत आलेल्या सात कलाकृती कस्टमने अडवल्या. चार सूझांच्या, तीन अकबर पदमसींच्या. का, तर त्यात नग्नता आहे म्हणे. जुलै २०२४ मध्ये जप्तीचा हुकूमही निघाला. सूझा गोव्यातल्या साळगावचे आणि ते त्यांचं जन्मशताब्दी वर्ष. काय सत्कार केला! ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने हुकूम रद्द केला. प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसतं, हे सांगायला न्यायालय लागलं.

गंमत म्हणजे पदमसी ही लढाई एकदा जिंकले होते. १९५४ साली जहांगीर आर्ट गॅलरीतल्या त्यांच्या प्रदर्शनातून दोन चित्रं उतरवा, असं पोलिसांनी सांगितलं. ते बधले नाहीत. खटला झाला, ते सुटले. सत्तर वर्षांनी पुन्हा तोच धडा?

"शेवटी न्याय मिळाला ना?" असं घरातली वडीलधारी मंडळी म्हणतीलच. मिळाला हो. पण ज्याला वकील परवडत नाही, तो चित्रकार ते चित्र प्रदर्शनात लावणारच नाही. त्याची ना बातमी होते, ना खटला. मला भीती वाटते ती त्या रिकाम्या भिंतीची.

असो. तुम्हाला काय वाटतं?