घानात लाईट गेली म्हणून एक सर्व्हर वाचला. कारखान्याचा बिघडलेला डेटाबेस परत उभा करतात तरी कसा?

तारीख २७ जून २०१७, वार मंगळवार. जीएसटी लागू व्हायला जेमतेम चार दिवस उरले होते आणि सगळ्या देशाचं लक्ष तिकडे होतं. त्याच वेळी उरणजवळच्या न्हावा शेवा इथे, म्हणजे जेएनपीटी बंदरात, एक वेगळाच घोळ सुरू झाला. बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल बसलं. क्रेन धड होत्या, वीज होती, माणसं कामावर हजर होती, ट्रक दारात उभे होते. पण कुठला कंटेनर कुठल्या रांगेत ठेवलाय, तो कुणाचा आहे आणि कुठल्या जहाजावर चढवायचाय, हे सांगणारे कॉम्प्युटरच बंद पडले होते.

वर्षाला साधारण १८ लाख कंटेनर हाताळण्याची क्षमता असलेलं हे टर्मिनल. तिथे कागद-पेन घेऊन काम रेटायची वेळ आली. कंटेनर साचायला लागले, तेव्हा ते ठेवायला जादा जागेची सोय करावी लागली.

आता तुम्ही म्हणाल, बंदराचं हे दुखणं साखरखेर्ड्याच्या माणसाला काय कामाचं? साखरखेर्डा बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यात. बंदर तिथून चारशे किलोमीटरहून लांब. पण या पट्ट्यातल्या कापसाची गाठ किंवा सोयाबीनची पेंड समुद्रापार जायची तर तिचा रस्ता बहुतेक वेळा याच बंदरातून जातो. आणि दुसरं म्हणजे, जो प्रकार बंदरात झाला तो जिनिंगमध्ये, तेलाच्या प्लांटमध्ये, गावाच्या पाणीपुरवठा योजनेतही होऊ शकतो. तिथे मर्स्कसारखी फौज मदतीला नसते, एवढाच काय तो फरक.

मर्स्क ही डेन्मार्कची जहाज कंपनी. गेटवे टर्मिनल चालवणारी एपीएम टर्मिनल्स ही तिचीच. (टर्मिनलमध्ये २६ टक्के वाटा आपल्या सरकारी कॉनकॉरचा आहे.) तर झालं असं, की युक्रेनमध्ये एम.ई.डॉक नावाचं हिशोबाचं सॉफ्टवेअर घरोघरी नाही, पण कंपनीकंपनीत वापरलं जातं. आपल्याकडे टॅली असतं ना, तसं. हल्लेखोरांनी थेट त्याच्या अपडेटमध्ये व्हायरस घुसवला. नाव पडलं नॉटपेट्या. मर्स्कच्या युक्रेनमधल्या ऑफिसातही हे सॉफ्टवेअर होतं. तिथून शिरलेला व्हायरस कंपनीच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये पसरला आणि ७६ पैकी १७ टर्मिनल्सना फटका बसला. न्हावा शेवा त्यातलंच एक.

स्क्रीनवर खंडणीचा मेसेज दिसायचा, पण तो निव्वळ दिखावा होता. पैसे भरले तरी फाईल परत मिळायची काहीही सोय नव्हती. व्हायरसचं काम एकच, मशीन कायमचं निकामी करणं. अमेरिका आणि ब्रिटनने पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये याचं खापर रशियाच्या लष्करावर फोडलं, रशियाने ते नाकारलं. जगभरातलं नुकसान १० अब्ज डॉलरच्या घरात गेल्याचा अंदाज व्हाईट हाऊसने दिला होता.

आणि इथे खरा विषय सुरू होतो. मर्स्ककडे बऱ्याच सर्व्हरवरच्या डेटाचे बॅकअप होते. जे मिळत नव्हतं ते वेगळंच होतं. कुठला माणूस कोण आहे, कुणाला कशाची परवानगी आहे, कुठलं मशीन नेटवर्कचा भाग आहे, हे सगळं ठरवणारा एक मुख्य डेटाबेस असतो. घराच्या किल्ल्यांचा जुडगाच म्हणा. हा जुडगा सुरक्षित राहावा म्हणून कंपनीने त्याच्या जगभर दीडशेच्या आसपास प्रती ठेवल्या होत्या. प्रत्येक प्रत दुसरीशी सतत जुळवून घेत राहायची. म्हणजे एक सर्व्हर मेला तरी बाकीचे आहेतच, असा हिशोब. सगळेच एका वेळी जातील ही शक्यता कुणी धरलीच नव्हती. नॉटपेट्याने नेमके सगळेच पुसले.

शोधाशोध करता करता एक प्रत सापडली. आफ्रिकेतल्या घानामध्ये. हल्ल्याच्या आधी तिथली लाईट गेली होती, त्यामुळे तो सर्व्हर नेटवर्कपासून तुटलेला राहिला आणि व्हायरस त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. तेव्हाच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर शिपिंग कंपनीला भारनियमनाने वाचवलं, हे विदर्भ-मराठवाड्यात कुणाला सांगितलं तर पटायचं नाही.

पण पुढची गंमत ऐका. घानातलं इंटरनेट इतकं हळू, की ती प्रत ब्रिटनला पाठवायला कित्येक दिवस लागले असते. माणूस पाठवावा तर घानाच्या ऑफिसातल्या कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. शेवटी घानाच्या कर्मचाऱ्याने हार्ड डिस्क विमानाने नायजेरियात नेली, तिथे दुसऱ्याच्या हातात दिली, आणि तो ती घेऊन लंडनकडे निघाला. त्या डिस्कच्या जोरावर लंडनजवळच्या मेडनहेडमध्ये पुढची उभारणी झाली. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हेगेमन स्नाबे यांनी २०१८ च्या जानेवारीत दावोसमध्ये आकडे सांगितले: १० दिवसांत ४ हजार सर्व्हर, ४५ हजार कॉम्प्युटर आणि अडीच हजार ॲप्लिकेशन नव्याने बसवावे लागले. तोटा २५ ते ३० कोटी डॉलर.

दीडशे प्रती असूनही बॅकअप एकसुद्धा नव्हता. आरशात दिसणारं प्रतिबिंब ही दुसरी वस्तू नसते, तसंच हे. मूळ डेटा बिघडला की एकमेकांशी जोडलेल्या सगळ्या प्रती इमानेइतबारे बिघडतात. घानाची प्रत वाचली कारण ती त्या वेळी जोडलेली नव्हती. तारेपासून तोडून ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप.

मर्स्कचा डेटाबेस किल्ल्यांचा होता. कारखान्यात याहून नाजूक डेटाबेस असतो, तो यंत्रांच्या नियंत्रणाचा. बॉयलरचा दाब किती झाला की अलार्म वाजवायचा, कुठला व्हॉल्व्ह किती टक्के उघडायचा, कुठली मोटर कधी बंद करायची, हे आकडे त्यात असतात. कंट्रोल रूममधल्या स्क्रीनला स्काडा म्हणतात, आणि यंत्राशेजारी पॅनलमध्ये बसून प्रत्यक्ष हुकूम सोडणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला पीएलसी. स्काडाचा डेटाबेस बिघडायला रशियाचं लष्कर यावं लागत नाही. फाईल लिहिली जात असताना लाईट गेली आणि यूपीएसची बॅटरी मेलेली असली की पुरे. दहा वर्षं जुनी हार्ड डिस्क, अर्धवट झालेलं अपडेट, कुणीतरी गाणी ऐकायला लावलेला पेनड्राईव्ह, यातलं काहीही चालतं.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा चालू-बंद करायचा नाही. आपल्याकडे सगळ्यात आधी हेच होतं, आणि वाचण्यासारखा जो थोडाफार डेटा असतो तोही त्यात जातो. प्लांट हाताने चालवता येत असेल तर हाताने, नाहीतर ठरलेल्या क्रमाने सुरक्षित बंद. स्क्रीन गेली म्हणून यंत्र लगेच थांबत नाही. पीएलसी बहुतेक वेळा आपलं काम करत राहतो, फक्त माणसाला आत काय चाललंय ते दिसत नाही. आंधळेपणाने चालणारा प्लांट हा बंद प्लांटपेक्षा जास्त धोक्याचा.

त्यानंतर बिघडलेल्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल घ्यायची आणि दुरुस्तीचे सगळे प्रयोग नकलेवर करायचे. मूळ डिस्क बाजूला ठेवून द्यायची. बॅकअप असेल तर तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघायचा, कारण 'बॅकअप आहे' आणि 'बॅकअप उघडतो' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीएलसीतला प्रोग्राम वाचून बाहेर काढता येतो, पण बऱ्याच जुन्या पीएलसींतून तो नावांशिवाय येतो. 'बॉयलर दाब' असं न दिसता नुसता एक क्रमांक दिसतो. मग पॅनलचे जुने कागद काढा, वायर मोजत बसा.

सगळ्यात जास्त वेळ मात्र जातो तो बॅकअपनंतर झालेले बदल शोधण्यात. बॅकअप मार्चचा आणि बिघाड ऑगस्टचा असेल, तर मधल्या पाच महिन्यांत कुणी कुठला आकडा बदलला? बदलांची वही असली तर उत्तर मिळतं. नसली तर रात्रपाळीच्या ऑपरेटरला फोन लावावा लागतो. सोयाबीनचं तेल काढणाऱ्या सॉल्व्हंट प्लांटचं उदाहरण घ्या. तिथे हेक्झेन वापरतात. ते ६९ अंशांच्या आसपास उकळतं आणि ठिणगी मिळाली की पेटतं. तापमानाची एखादी मर्यादा जुन्या बॅकअपमुळे मागच्या आकड्यावर गेली आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही, तर डेटाबेस 'दुरुस्त' झालेला असतो आणि प्लांट धोक्यात. म्हणून प्रत्येक सेन्सर, प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक अलार्म एकेक करून तपासल्याशिवाय ऑटोवर टाकायचं नसतं. मालक घाई करतो ती नेमकी इथेच, सीझन चालू असतो ना.

पुसला गेलेला डेटाबेस निदान कळतो तरी. गुपचूप बदललेला कळत नाही. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेटने इराणच्या नतान्झ अणुकेंद्रात सेंट्रिफ्यूजचा वेग बदलला आणि स्क्रीनवर आधी रेकॉर्ड केलेले नॉर्मल आकडे दाखवत राहिला. सीमेन्सच्या स्काडाच्या डेटाबेसचा पासवर्ड सॉफ्टवेअरमध्येच पक्का लिहिलेला होता, त्याचाही त्याने फायदा उचलला. लागण झालेल्या कॉम्प्युटरच्या संख्येत इराण आणि इंडोनेशियानंतर भारताचा नंबर होता.

महाराष्ट्राला याची आठवण झाली ती १२ ऑक्टोबर २०२० ला, मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या तेव्हा. १ मार्च २०२१ ला तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर सेलच्या अहवालाचा हवाला देत वीज यंत्रणेच्या सर्व्हरमध्ये १४ ट्रोजन आणि ८ जीबी बाहेरचा डेटा घातला गेला असण्याची शक्यता सांगितली. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र कारण मानवी चूक असल्याचं सांगितलं. दोन सरकारं, दोन उत्तरं. सामान्य माणसाने कुठलं खरं मानायचं? बिघाडाच्या वेळच्या नोंदी जपून ठेवा म्हणतात, ते असा वाद मिटवता यावा म्हणूनच.

त्या नोंदी आता कायद्याने ठेवाव्या लागतात. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या आदेशानुसार सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत तिची माहिती द्यायची आणि सिस्टिमच्या नोंदी १८० दिवस जपायच्या. आदेश कंपन्यांनाही लागू आहे, नुसत्या सरकारी खात्यांना नाही. तालुक्याच्या जिनिंगवाल्याला हे कुणी सांगितलंय का, हा प्रश्न वेगळा.

जेएनपीटीचं म्हणाल तर २०२२ च्या फेब्रुवारीत तिथे पुन्हा रॅन्समवेअर आला. या वेळी फटका बसला तो बंदराच्या स्वतःच्या जेएनपीसीटी टर्मिनलला, आणि जहाजं शेजारच्या टर्मिनलकडे वळवली गेली. बंदरात निदान शेजारचं टर्मिनल असतं. गावाच्या पाणी योजनेला पंप चालवणारा कॉम्प्युटर एकच असतो, आणि त्याचा बॅकअप बऱ्याचदा तो बसवून गेलेल्या ठेकेदाराच्या लॅपटॉपमध्ये असतो.