आयफेल टॉवर झाला, आता तुझी खोली दाखव

एप्रिल-मे जवळ आला की परदेशात शिकणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. 'गाइज, आई-बाबा येतायत. दहा दिवसांत काय काय दाखवू?' फ्रान्समध्ये असाल तर उत्तर ठरलेलं. पॅरिस तीन दिवस, मग स्वित्झर्लंड, जमलं तर इटली. कोणीतरी उत्साही मुलगी एक्सेल शीटसुद्धा टाकते. त्यात ट्रेनच्या वेळा असतात, हॉटेलं असतात, फोटो कुठून चांगला येतो तेही असतं. फक्त पोरगं दोन वर्षं ज्या गावात राहतंय, ते गाव त्या शीटमध्ये नसतं. असलंच तर एक रात्र, बॅगा ठेवण्यापुरतं.

मला हे खटकतं. आई-बाबा कर्ज काढून, पीएफ मोडून आपल्याला तिकडे पाठवतात आणि एकदाच येतात, तेव्हा त्यांना आपण तेच दाखवतो जे त्यांना कुठल्याही टूर कंपनीने दाखवलं असतं. बरं, टूर कंपनीने निदान पोहे तरी दिले असते!

फ्रान्सला जाणारी मुलं आता वाढतच जाणार आहेत. २०२४ च्या प्रजासत्ताक दिनाला प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी २०३० पर्यंत ३० हजार भारतीय विद्यार्थी फ्रान्समध्ये असावेत, असं लक्ष्य सांगितलं होतं. यातली सगळी काही पॅरिसमध्ये नसतात. लिल, ग्रनोबल, तुलूझ, नांत अशा शहरांत विखुरलेली असतात. माझी मावसबहीण, म्हणजे ताई, लिऑनला आहे (तिथले लोक ल्यों म्हणतात, आणि आपण लिऑन म्हटलं की गोड हसतात). गेल्या मे महिन्यात मावशी आणि काका तिच्याकडे गेले होते. मी सोबत नव्हते, पण रोज रात्री व्हिडिओ कॉल व्हायचा, त्यामुळे मीही जवळजवळ फिरून आले म्हणायला हरकत नाही.

मावशी येवल्याची. घरी ब्लाउज शिवते. काका एसटीत कंडक्टर होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. तिकिटाचे पैसे त्या रिटायरमेंटच्या रकमेतून गेले, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही.

पॅरिसचे चार दिवस ठरल्याप्रमाणे पार पडले. लूव्रमध्ये मोनालिसापेक्षा तिच्यासमोर वर केलेले मोबाइल जास्त दिसले. मावशीला विचारलं कशी वाटली, तर म्हणाली, "बरी आहे. पण इथे बसायला कुठे आहे?" ताई सव्वीसच्या आतली आणि युरोपात राहणारी, म्हणून तिला तिथे प्रवेश फुकट. आई-वडिलांना मात्र पूर्ण तिकीट. आता तर जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरून येणाऱ्यांसाठी लूव्रचं तिकीट २२ वरून थेट ३२ युरो झालंय. दोघांचे ६४ युरो, म्हणजे सहा हजारांच्या वर. एवढे पैसे भरून बसायची जागा शोधायची, हे कोणाच्या हौसेसाठी चाललंय ते एकदा विचारून घ्यायला हवं.

मावशी खरी खुलली ती लिऑनमध्ये. तिथे क्र्वा-रूस नावाची टेकडी आहे. एकोणिसाव्या शतकात ती रेशीम विणकरांची वस्ती होती. त्या विणकरांना 'कॅन्यू' म्हणायचे. त्यांच्या घरांची छतं मुद्दाम चारेक मीटर उंच बांधलेली, कारण जॅकार्ड माग तेवढा उंच असायचा. हो, आपल्याकडे साडीच्या दुकानात म्हणतात तेच जॅकार्ड. जोसेफ मारी जॅकार्ड हा मूळ लिऑनचाच. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून कोणता धागा वर उचलायचा ते ठरवणारी त्याची यंत्रणा १८०४ च्या सुमाराची. टेकडीवर आजही एका छोट्या संग्रहालयात माग चालवून दाखवतात. ताई दीड वर्ष त्या शहरात राहून तिथे गेली नव्हती. आईला काहीतरी वेगळं दाखवावं म्हणून घेऊन गेली.

मागाचा खटखट आवाज सुरू झाला आणि मावशी सगळ्यांना सारून पुढे. येवल्यातही काही माग जॅकार्डवर चालतात, ती लहानपणापासून बघत आलीय. माहिती सांगणाऱ्या बाईंना तिने मराठीतच विचारलं, "याला दिवसाला किती विणून होतं? आणि विणणाऱ्याला काय मिळायचं?" ताईने फ्रेंचमध्ये सांगितलं. बाईंनी उत्तर दिलं की नीट दर मिळत नव्हता म्हणूनच १८३१ मध्ये या विणकरांनी उठाव केला, आणि १८३४ मध्ये पुन्हा. मावशी म्हणाली, "म्हणजे इथेही तसंच." पॅरिसच्या चार दिवसांत ती एवढं बोलली नव्हती.

काकांचं वेगळंच. त्यांना ट्रामची चिंता. तिकीट आपणच मशीनला लावायचं, कंडक्टर नाही, मग लोक फुकट जात असतील ना? तीन स्टॉपनंतर खरंच तपासनीस चढले तेव्हा काकांचा चेहरा ताईने व्हिडिओत टिपलाय. आमच्या फॅमिली ग्रुपवर तो आयफेल टॉवरच्या फोटोंपेक्षा जास्त चालला.

पण मला सांगायचंय ते हे नाही. ताईच्या खोलीत, फ्रिजवर, रेस्टॉरंटच्या शिफ्टचा कागद चिकटवलेला होता. शुक्रवार, शनिवार रात्री भांडी धुण्याचं काम. फ्रान्समध्ये विद्यार्थी व्हिसावर वर्षाला ९६४ तास काम करता येतं, त्यामुळे त्यात बेकायदा काही नव्हतं. फक्त घरी 'लायब्ररीत असते' असं सांगितलेलं होतं. काकांना फ्रेंच येत नसलं तरी शिफ्टचा तक्ता कळतो, आयुष्य त्यात गेलंय. मावशीचे डोळे भरले. काका थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "रात्रपाळी मीपण केलीय. परत येताना गाडी कोणती, ते सांग." त्या शुक्रवारी ते शेवटच्या ट्रामच्या वेळेला स्टॉपवर जाऊन उभे राहिले. नंतर मावशी मला म्हणाली की आता रात्री ताईचा फोन लागला नाही तर तिला निदान कळतं की पोरगी कोणत्या रस्त्याने येत असेल.

दहा दिवसांत चार देश करणारी ट्रिप अशी आखलेली असते की हा फ्रिजवरचा कागद कोणाला दिसायलाच नको. मुलं लपवतात, कारण आई-बाबांना काळजी वाटेल. आई-बाबा घरचे हप्ते लपवतात, कारण मुलाला टेन्शन येईल. सगळे मिळून आयफेल टॉवरसमोर हसत उभे राहतात. मला वाटतं, दोन्हीकडची काळजी असतेच, फक्त ती कशाची आहे हे कळलेलं नसतं.

याचा अर्थ पॅरिस दाखवू नका असा नाही. आई-बाबांना पॅरिस बघायचंच असतं, आणि सोसायटीतल्या काकूंना फोटो दाखवायचे असतात, त्यात वाईट काय? अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं टॉवर लुकलुकतो, तो खालच्या हिरवळीवर बसून फुकट बघता येतो. टॉवरपासून चालण्याच्या अंतरावर युनेस्कोचं मुख्यालय आहे. जुलै २०२५ मध्ये पॅरिसमधल्याच बैठकीत शिवरायांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. हे तिथे उभं राहून सांगितलंत तर बाबा हमखास फोटो काढायला लावतील. एवढं करा, आणि उरलेले दिवस आपल्या गावात घालवा. तुमची मंडई दाखवा, कॉलेज दाखवा, कपडे धुवायला जाता ते दुकान दाखवा, सोमवारी सकाळी उशीर झाला की कुठून पळता तेही दाखवा.

आणखी एक. तिकडे गेल्यावर भूमिका उलट्या होतात. आपल्याकडे बँक, आरटीओ, तहसील सगळीकडे पुढे होणारे बाबा तिथे काउंटरवर आपल्या मागे उभे राहतात. आपणही भराभर फ्रेंच बोलून काम संपवतो आणि वर 'बाबा, तुम्ही बाजूला थांबा' म्हणतो. मेट्रोत मोठ्याने बोलले म्हणून आईला दटावतो. असं करणारे मी बरेच पाहिलेत, व्हिडिओ कॉलवर आणि इथल्या एअरपोर्टवरही. त्यापेक्षा एक काम त्यांच्यावर सोपवा. काकांना ताईने तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी बेकरीत एकट्याने पाठवलं. 'बोंजूर, उन बागेत, सिल व्हू प्ले' एवढं पाठ करून. दुकानात शिरताना आधी बोंजूर म्हटलं नाही तर फ्रेंच माणूस तुटक वागतो, म्हटलं की विरघळतो. चौथ्या दिवशी बेकरीवाल्या बाईंनी काकांना बघून आपणहून पाव काढून ठेवला. घरी आल्यावर काका हेच सगळ्यांना सांगत होते.

थोडं रूक्ष पण कामाचं. आई-बाबांना आपल्याच घरी उतरवायचं असेल तर व्हिसासाठी तुमच्या गावच्या महापालिकेतून 'आतेस्तासियों दाकेय' हा पाहुणचाराचा दाखला काढावा लागतो. त्याचे ३० युरो, आणि अर्ज नाकारला तरी ते परत मिळत नाहीत. खोली फार लहान असेल तर नाकारतातही, त्यामुळे वसतिगृहातली नऊ चौरस मीटरची खोली असेल तर सरळ जवळ हॉटेल बघा. शेंगेन व्हिसाची फी माणशी ९० युरो, शिवाय ३० हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. पॅरिसचा आठवड्याचा नाविगो पास सोमवार ते रविवार चालतो, तो गुरुवारी काढला तर चारच दिवस मिळतात. दुपारी दोननंतर बरीच रेस्टॉरंट्स स्वयंपाकघर बंद करतात ते थेट संध्याकाळी सातपर्यंत, तेव्हा चार वाजता लागणाऱ्या भुकेसाठी पिशवीत भडंग हवाच.

आता पालकांसाठी, कारण ही पुरवणी तुम्हीही वाचता. चिवडा, चकल्या, मेतकूट खुशाल न्या. तूप आणि पेढे मात्र घरी ठेवा, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पोहोचल्या पोहोचल्या ओटा घासायला घेऊ नका. त्या घरात तुमच्या मुलीबरोबर आणखी दोघीजणी राहतात आणि त्यांना तो ओटा तसाच आवडतो. आणि विमानाचं तिकीट स्वस्त मिळतंय म्हणून काढून टाकण्याआधी 'तुझी परीक्षा कधी, इंटर्नशिप कधी' हे विचारा. मास्टर्सच्या मुलांची इंटर्नशिप बऱ्याचदा वसंतात सुरू होते, म्हणजे नेमकं आपल्याकडच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत. मग मुलगी ऑफिसात आणि तुम्ही खोलीत खिडकीतून बाहेर बघत, असं होतं.

सगळ्यांचेच आई-बाबा जाऊ शकत नाहीत, हेही खरं आहे. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीचा भाऊ तुलूझला आहे. त्याच्या घरच्यांना तिकीट परवडणारं नाही आणि हप्ते अजून सहा वर्षं आहेत. तो दर रविवारी आईला फोन लावून मोबाइल खिशात वरच्या बाजूला अडकवतो आणि भाजी आणायला निघतो. आई पलीकडून सांगते, तो टोमॅटो नको, बाजूचा घे.