रमाबाईंचा पंथ कोणी ठरवायचा?

१८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा इथे ओरड झाली: बाई फसली! पण अँग्लिकन चर्चमध्ये गेल्यावरही त्यांनी त्रैक्याचा सिद्धांत निमूटपणे मानला नाही. त्यांनी पुरुषांना शिकवू नये, असं बिशपांचं मत पडलं; त्यालाही त्यांनी खरमरीत उत्तर दिलं. मग तिकडे त्या गर्विष्ठ ठरल्या. म्हणजे धर्म बदलला तर भोळी, प्रश्न विचारले तर उद्धट!

ही नजर आजही कायद्यात आहे. गुजरातचा २००३ चा धर्मांतरविरोधी कायदा बाईला अल्पवयीनांच्या रांगेत बसवतो. याला संरक्षण म्हणायचं? पंथ निवडायला, नाकारायला, सोडायला बाई समर्थ आहे. भटजी, पाद्री, कलेक्टर यांची परवानगी कशाला?